चार वाजताचं चाक

३ तारीख, मंगळवार

अडतीस वर्षं नळाची कामं केली आणि अडतीस वर्षं कामाची वही ठेवली. कुणाच्या घरी काय गळत होतं, का गळत होतं, मी काय केलं, सगळं तारखेनिशी. काम थांबलं तशी वहीही थांबली. आज नवी वही काढली, कारण काम निघालंय आणि तेही आमच्याच घरात. नळाचं नाही, टीव्हीचं.

तक्रार अशी. रोज दुपारी चारला आमची ही टीव्हीसमोर बसते, मांडीवर मोबाइल, त्याचा स्पीकर चालू. फोनवर पलीकडे हिची धाकटी बहीण बबी, सहा तासांच्या प्रवासावर, आपल्या घरात आपल्या टीव्हीसमोर. दोघी एकच मालिका एकाच वेळी बघतात. एका हॉटेलची मालकीण गायब झाली आहे आणि सगळ्यांचा संशय तिथल्या स्वयंपाक्यावर आहे, अशी काहीतरी भानगड आहे. मालिका इंटरनेटवरून येते. टीव्हीच्या पाठीत एक काडी खोचली आहे, ती वायफायवरून चित्र ओढते. चारला नवा भाग आला की ही "एक, दोन, तीन" म्हणते आणि दोघींकडे एकदम सुरू होतं. तिकडे बटण दाबून द्यायला शेजारीण येते म्हणे. धाकटी म्हणजे शेंडेफळ, तिला लहानपणापासून सगळं हातात लागतं.

आठ दिवस झाले, आमच्याकडे चित्र अडकतं. मधोमध एक गोल चाक फिरत राहतं आणि मालकिणीचा भाऊ तोंड उघडं टाकून बसून राहतो. तिकडे धाकटीचं मात्र पुढे चाललेलं असतं, तिकडचे संवाद फोनमधून ऐकू येतात. आज सहा वेळा असं झालं. सहाव्या वेळी ही रडली.

मालिकेपायी रडणारी बाई नव्हे ही. हिची आई गेली तेव्हा आधी आल्यागेल्याला चहा दिला आणि मग मोरीत जाऊन रडली. मी विचारलं, "एवढं काय झालं?" तर म्हणाली, "बबी एकटी पडते हो."

"एकटी कशी पडते? तिचं तर झक्क चाललंय!"

यावर ही मोबाइल उचलून स्वयंपाकघरात गेली. शेवटचा भाग २८ तारखेला आहे. त्याच्या आत हे चाक बंद करून दाखवतो, असा शब्द दिला आहे. आता माघार नाही.

४ तारीख, बुधवार

सकाळी राउटर नीट पाहिला. डबी ती, दोन कान असलेली. बाहेरच्या व्हरांड्यातल्या चपलांच्या कपाटात, खालच्या खणात, दार लावून ठेवली होती. कोणी ठेवली? मीच. दिसायला बरं नाही म्हणून.

विचार केला. टीव्ही शेवटच्या खोलीत, राउटर पहिल्या खोलीच्याही बाहेर, तोही जमिनीलगत. शेवटच्या नळाला जोर कमी पडणारच, हे शेंबडं पोरही सांगेल. उपाय एकच, उंची. टाकी जेवढी वर तेवढी धार मोठी. दुपारपर्यंत वायर ओढून राउटर थेट माळ्यावर नेला, पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला, दोन पट्ट्या मारून पक्का केला. घरात याहून उंच जागा नाही. ही खालून म्हणाली, "अहो, कंपनीला फोन केला असता तर?" मी म्हटलं, "कंपनीला काय कळतंय."

५ तारीख, गुरुवार

काल चौदा वेळा अडकलं. आज मोजायचं सोडून दिलं.

१० तारीख, मंगळवार

शेवटी हिने माझ्या नकळत कंपनीला फोन केला आणि आज अकरा वाजता एक बाई आली. पाठीला पिशवी, खिशाला टेस्टर, पायात मजबूत बूट. मनातल्या मनात मी तिचं नाव टेस्टरबाई ठेवलं.

पहिलाच प्रश्न: "राउटर कुठाय?"

मी मोठ्या अभिमानाने वर बोट दाखवलं. ती शिडीवर चढली, टाकीकडे पाहिलं, राउटरकडे पाहिलं, मग खाली माझ्याकडे.

"काका, हे कोणी केलं?"

"का, उंची कमी पडते का?"

"उंची नाही कमी पडत. पाणी नडतंय. वायफायच्या लहरी पाण्यात जिरतात. तुम्ही दोनशे लिटरची भिंत मधे उभी केलीत."

पाण्यात काय काय जातं हे मला कोणी शिकवायची वेळ आयुष्यात आली नव्हती. पण बाई अरेरावी करत नव्हती. तिने मोबाइल हातात धरून मला खोलीखोलीतून फिरवलं आणि आकडे दाखवले. टाकीजवळ हा आकडा, दाराशी हा, टीव्हीपाशी जवळजवळ शून्य. मी पूर्वी प्रत्येक नळाखाली बादली धरून वेळ मोजायचो, तीच ही पद्धत. तिथून पुढे मी तिचं ऐकायला लागलो.

राउटर तिने मधल्या खोलीत उघड्या फळीवर, छातीच्या उंचीवर ठेवला. म्हणाली, "कपाटात नको, आरशामागे नको, पत्र्यामागे नको, मायक्रोवेव्हशेजारी तर मुळीच नको. याला मोकळं बसायला आवडतं." मग टीव्हीमागची काडी काढली. काडी हाताला चटका बसेल इतकी तापली होती, शिवाय टीव्हीच्या पत्र्याआड कोंडलेली. एका वीतभर वायरीने तिने ती बाजूला बाहेर काढून लटकवली. राउटरमधून दोन लायनी निघतात असंही सांगितलं. एक लांब जाते पण तिच्यावर शेजारपाजारचीही गर्दी असते, दुसरी जोरात येते पण भिंतींपुढे दमते. आता राउटर जवळ आला म्हणून काडीला जोरातली जोडून दिली.

जाताना म्हणाली, "एवढंही करून अडकलं तर भाग आधी सुरू करून जरा थांबवून ठेवा, पाच वाजता बघा. तोवर पुढचं भरलेलं असतं."

"नाही, चारलाच बघायचं," ही म्हणाली. "शेजारीण चारलाच येते."

टेस्टरबाईला काही कळलं नाही आणि मलाही नाही.

१२ तारीख, गुरुवार

चौदावरून तीनवर आलं. पण तीनही का? सकाळी अडकत नाही, रात्री जेवताना बातम्या लावल्या तरी अडकत नाही. फक्त चारला. म्हणजे चारच्या सुमाराला कोणीतरी दुसरा नळ सोडतो.

टेस्टरबाईला फोन केला. तिने मोबाइलवर एक ॲप घ्यायला लावलं, त्यात आपल्या वायफायवर कोण कोण आहे त्याची यादी दिसते. मी वरच्या मजल्यावरच्या मास्तरांवर डोळा ठेवूनच होतो. माणूस सज्जन आहे, पण गोड बोलणाऱ्याचा भरवसा काय?

चारला यादी उघडली. टीव्हीची काडी, हिचा मोबाइल, माझा मोबाइल आणि एक टॅब.

"टॅब कोणाचा, काका?" टेस्टरबाईने फोनवर विचारलं.

"माझा."

"चारला त्यावर काय चालू असतं?"

काय चालू असतं! ही मालिकेला बसली की मी आतल्या खोलीत आडवा होऊन जगभरच्या प्लंबरांचे व्हिडिओ बघतो. कोण कसा जोड मारतो, कोण कुठे चुकतो. रोज चार ते पाच. नऊ दिवस चोर शोधतोय आणि चोर माझ्याच उशीवर डोकं ठेवून पडलेला. टेस्टरबाई हसली नाही, हे तिचे उपकार. हिला सांगितलं तेव्हा ही मात्र खुर्चीवरून पडायची बाकी राहिली.

१३ तारीख, शुक्रवार

टॅब बंद. मग चारला करायचं काय? हिच्या शेजारी जाऊन बसलो. एकदाच अडकलं.

पण या दोघींची बघायची तऱ्हा काही और आहे. ही सगळा वेळ बोलत असते. "आता तो जिना उतरतोय. हातात पेटी आहे, जड दिसतेय. ती दाराशी उभी आहे, बोलत नाही, नुसती बघतेय त्याच्याकडे. आता वळली." अगं, तिच्याही पुढ्यात टीव्ही आहे ना! मला कोणी असं पाइपाशेजारी उभं राहून पाइप समजावून सांगितला असता तर मी पाना फेकून मारला असता.

आणि धाकटीचे प्रश्न. "ताई, तिचा कोट कुठला?"

"निळा."

"निळा म्हणजे कुठला निळा?"

"निळा गं, आपला नेहमीचा."

"नेहमीचा असा निळा नसतो, ताई."

आता धाकटीचंही बरोबर आहे म्हणा. तीस वर्षं ती कापडाच्या कारखान्यात रंग जुळवायच्या खात्यात होती. तुकडा हातात दिला की हुबेहूब तोच रंग दुसऱ्या कापडावर उतरवून द्यायचा, हे तिचं काम. आमचं दार मी रंगवलं तेव्हा आली होती. बघून म्हणाली, "दाजी, दार छान झालंय, पण तीन निळ्यांत झालंय." मला आजतागायत एकच दिसतो. तेव्हा ती हिची परीक्षा घेत असणार. मास्तरीण व्हायची ती, चुकून कारखान्यात गेली.

एक खटकलं मात्र. मधे चाक आलं तेव्हा ही म्हणाली, "बबे, अडकलं गं," आणि गप्प बसली. तिकडे मालिका चालूच. एक बटण दाबून थांबायचं तर तेवढंही होईना धाकटीच्याने. नुसती "ताई? ताई, आता काय झालं? ताई?" करत राहिली. एवढं लाडावून ठेवू नये माणसाला.

१६ तारीख, सोमवार

शनिवारी दोनदा, आज एकदा. टेस्टरबाई म्हणते, एवढं चालायचंच, हवेतून येणारी गोष्ट आहे, कोणाची तरी हवा मधे येणारच. माझ्या वहीत "चालायचंच" हा शब्द कधी आलेला नाही. विचारलं, हवेतून नकोच असेल तर? ती म्हणाली, मग राउटरपासून काडीपर्यंत वायर टाका, काडीला लावायचा एक छोटा जोड मिळतो तो घ्या.

म्हणजे पाइप! मग हे आधी का नाही सांगितलंत, बाई?

१८ तारीख, बुधवार

दोन दिवस हातात जीव आल्यासारखा होता. मधल्या खोलीपासून टीव्हीपर्यंत अकरा मीटर वायर, दर फुटावर क्लिप, सरळ ओळंब्यात. कोपऱ्यांत वायर पक्कडीने दाबून काटकोनात वळवली, माझ्या जुन्या कामांसारखी चोख. जोडून पाहिलं तर काडी म्हणते, वायरच नाही.

टेस्टरबाईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "काका, वायरीला कोपर मारायचा नसतो, आतल्या तारा मोडतात. गोल वळण द्या."

अकरा मीटर पुन्हा आणली, पुन्हा लावली. या वेळी प्रत्येक कोपऱ्यात सैल, गोल वळण. माझ्या डोळ्यांना ते गबाळं दिसतं, पण आज चारला एकदाही अडकलं नाही. एकदाही नाही! ही पूर्ण तासभर बोलत होती आणि धाकटी पूर्ण तासभर विचारत होती. शेवटी धाकटी म्हणाली, "ताई, आज किती दिवसांनी सगळं दिसलं गं." हिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झालेल्या माणसाला अशा वेळी काय करावं कळत नाही. मी आपला हात तसाच राहू दिला.

१९ तारीख, गुरुवार

धाकटीला माझ्या कामाचा फोटो पाठवला. हल्ली ती मेसेज लिहीत नाही, बोलूनच पाठवते. उत्तर आलं: "दाजी, काय सुबक काम केलंय हो! वळणं तर बघण्यासारखी आली आहेत." खूश होऊन हिला दाखवायला गेलो आणि बघतो तर काय, फोटो वायरीचा नव्हताच. माझ्या चपलेचा गेला होता. अंगठ्यासकट.

धाकटीने मोठेपणाने सांभाळून घेतलं बिचारीने. हिला सांगितलं तर मला वाटलं हसेल. ही उठून आत गेली.

२३ तारीख, सोमवार

आज आमचं वाजलं. चूक माझी. पाच दिवस चाक नाही, आता मलाही मालिकेत गोडी लागली आहे. माझा स्वयंपाक्यावर विश्वास आहे, तो निर्दोष आहे. आज तो कबुली देणार की काय असा प्रसंग, आणि ही आपली सुरू: "त्याने टोपी काढली, टेबलावर ठेवली, हात पुसले..." मी म्हटलं, "अगं, जरा तोंडाला झाकण घाल. आम्हाला बघू दे आणि तिलाही बघू दे."

ही माझ्याकडे अशी वळली की मी खुर्ची मागे घेतली. पाच वाजता फोन ठेवल्यावर म्हणाली, "परत असं बोललात तर तुमचा टॅब माळ्यावरच्या टाकीत टाकेन." डोळ्यांत पाणी होतं. एवढ्याशा बोलण्याला डोळ्यांत पाणी? पण मी माफी मागितली. हिच्या डोळ्यांत मी पाणी आणलं हे मला सहन होत नाही, कारण कळलेलं नसलं तरी.

२६ तारीख, गुरुवार

हिचा घसा बसला. सकाळी "अहो" म्हणायला गेली तर नुसती हवा आली. डॉक्टरांनी चार दिवस बोलायचं नाही म्हणून बजावलंय. मी गंमत केली, "तुझ्या बहिणीला आता शांतपणे मालिका बघता येईल." हिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतेय सारखी, दर अर्ध्या तासाने. चारला कशीबशी कुजबुजत होती.

२७ तारीख, शुक्रवार

आज कुजबुजही निघेना. चारला फोन लावला, चित्र वाहत्या पाण्यासारखं सुरळीत, आणि ही फोनमध्ये तोंड घालून जीव तोडून बोलायचा प्रयत्न करतेय. पलीकडून धाकटी: "ताई? ऐकू येत नाही गं. ताई, आत्ता जिन्यावर कोण आलं? ताई?" दहा मिनिटांनी म्हणाली, "राहू दे ताई. घसा जप. मी बंद करते." आणि फोन ठेवला. बंद करते म्हणाली, पण बंद करणारी शेजारीण तर पाचला परत येते.

मी म्हटलं, "धाकटीला झालंय तरी काय? उद्या शेवटचा भाग, आणि ती रुसून बसली?"

हिने माझ्या हातातली ही वही घेतली. पेन्सिल घेतली. खालचं हिचं अक्षर आहे.

*अहो, बबीला दिसत नाही. दोन वर्षं झाली. आधी मधलं गेलं, आता कडेचंही गेलंय. मोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं, त्यावर इलाज नाही. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती. म्हणाली, दाजींना कळलं तर ते हत्यारांची पिशवी घेऊन मला दुरुस्त करायला येतील, आणि जमलं नाही की माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागेल. तिला तिच्याच घरात राहायचंय. घर तिला हाताने पाठ आहे. फक्त चारला तेवढं मी बघून सांगते. आमचं चित्र अडकलं की तिचं जातं. उद्या मला जमणार नाही. तुम्ही सांगा.*

मग मागची पानं वाचली. शेंडेफळ, लाडावलेली, एक बटण दाबता येत नाही, तोंडाला झाकण घाल. सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं. खोडावंसं वाटलं. पण कामाच्या वहीत खाडाखोड केली की पुढच्याला चूक कळत नाही, म्हणून राहू देतो.

रंग जुळवणारी बाई, आणि तिच्या डोळ्यांना हे व्हावं. माझ्या तोंडून शिवी गेली. कोणाला दिली तेही कळलं नाही.

२८ तारीख, शनिवार, संध्याकाळ

सकाळी उठल्या उठल्या हत्यारांची पिशवी काढली. कशासाठी, ते माझं मलाच माहीत नव्हतं. हिने ती माझ्या हातातून घेतली आणि परत जागेवर ठेवली.

चारला पाच मिनिटं असताना फोन लावला.

"ताई, घसा कसा आहे?"

"ताईचा घसा तसाच आहे. आज मी आहे."

"म्हणजे तुम्हाला कळलं, दाजी."

"कळलं."

"हे बघा, मला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं आता तुम्ही..."

"शेजारीणबाई आल्यात का?"

"आल्यात."

"मग बटणावर बोट ठेवायला सांग त्यांना. एक, दोन, तीन."

पहिली दहा मिनिटं मी अगदीच टाकाऊ ठरलो. "एक माणूस आला. बसला. दुसरा आला. तोही बसला." ही शेजारी बसून कपाळाला हात लावत होती, हातवारे करून दाखवत होती: त्याचा चेहरा सांगा, तिचे हात सांगा, खिडकी उघडी आहे ते सांगा. एकदा तर मला चिमटाच काढला. फोनवर धाकटी मुकाट ऐकत होती. पहिल्या दिवशीच्या नवशिक्याला सांभाळून घ्यावं तशी.

मग हॉटेलच्या दारात गाडी थांबली आणि मालकीण उतरली. जिवंत! ही टाळ्या वाजवायला लागली.

"मालकीण आली," मी ओरडलो. "लांब कोट आहे."

"कुठल्या रंगाचा?"

"हिरवा."

"हिरवे छप्पन्न असतात, दाजी."

मी पडद्याकडे नीट पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या कोटाकडे इतकं नीट पाहिलं असेन. "तांब्याच्या पाइपच्या जोडातून वर्षानुवर्षं पाणी झिरपत राहिलं की त्याच्यावर जी पूड चढते ना, तो रंग."

"ओली पूड की वाळलेली?"

"वाळलेली."

"म्हणजे निळ्याकडे झुकलेला. आणि झिजलेल्या जागी पांढुरका."

"कॉलरपाशी पांढुरका आहे, बरोबर."

"दिसला," धाकटी म्हणाली.

तिथून माझी गाडी सुटली. भावाचा टाय नव्या शिशाच्या रंगाचा. दिवाणखान्याची भिंत, ओल येऊन गेलेल्या चुन्याची. मालकिणीचे केस, पितळ घासायच्या आधी असतं तसे. प्रत्येक रंगाला धाकटी पलीकडून "हं" म्हणायची, आणि मला कळायचं की तिने तो उचलून आपल्या जागी ठेवला. ही माझ्याकडे बघत होती, टीव्हीकडे नाही.

शेवटची दहा मिनिटं. मालकीण स्वयंपाकघराकडे निघाली, जिथे तो स्वयंपाकी आहे, ज्याच्यावर सगळ्यांनी संशय घेतला. दारापाशी पोचली. आणि चाक आलं.

खुर्चीवरूनच राउटर दिसतो. दिवा लाल. म्हणजे बाहेरची लाइनच गेली होती, माझ्या अकरा मीटरमध्ये काही खोट नव्हती. तरी माझे गुडघे सवयीने उठायला निघाले. फोन मोबाइलचा, तो चालूच होता. त्यातून धाकटीच्या टीव्हीचा आवाज येत होता: पावलं, मग काही नाही, मग काहीतरी खणकन पडलं. धाकटी श्वास धरून थांबली होती.

मी उठलो नाही.

"ती दारात उभी आहे," मी म्हटलं. "तो पाठमोरा आहे, त्याला माहीत नाही. आता वळला. तिला बघितलं, आणि हातातला पाना पडला खाली."

फोनमधून मालकीण म्हणाली, "मला वाटलंच होतं, तू इथेच असशील."

"हसतेय ती," मी म्हटलं. "पण डोळे भरलेत. तो हात पुसतोय, पुसतच राहिलाय. काय करावं कळत नाहीये बापड्याला." ही माझ्याकडे आ वासून बघत होती. पडद्यावर चाक फिरत होतं आणि मी सांगत होतो. खिडकीतून ऊन आलंय म्हणालो, ते तिच्या कोटावर पडलंय म्हणालो, तो एक पाऊल पुढे आलाय म्हणालो. पलीकडचा आवाज काय सांगेल तसं मी रचत होतो. तीन मिनिटं असेल, चार असेल. चित्र परत आलं तेव्हा मालिका संपली होती, नावं वर सरकत होती.

धाकटीकडेही संगीत थांबलं.

"दाजी, तुमचं मधे अडकलं होतं ना?"

खोटं बोलणार होतो. "हो. तुला कसं कळलं?"

"स्वयंपाक्याच्या हातात पाना कुठून येईल हो?" आणि ती हसायला लागली. कितीतरी वेळ हसत होती, आणि मीही, आणि हीसुद्धा आवाजाशिवाय.

"माफ कर मला," मी म्हटलं. "पानाच सुचला."

"माफ कशाला? ताईचं अडकलं की ती गप्प होते. खोटं सांगवत नाही तिला. मग मी नुसती अंधारात वाट बघत बसते. आज पहिल्यांदा मधे अंधार झाला नाही."

मी हिच्याकडे बघितलं. हिने तोंडावर हात ठेवला होता.

"गप्प नका ना बसू, दाजी. काय चाललंय तिकडे?"

"तुझी ताई रडतेय."

"आणि तुम्ही?"

"मीही."

"दोन वर्षं झाली, तुम्हा दोघांना बघितलं नाही मी," धाकटी म्हणाली. "कसे दिसता आता? घाई नको. नीट सांगा."

ही डोळे पुसून सरळ बसली, फोटोला बसतात तशी. मी खुर्ची हिच्याकडे वळवली आणि केसांपासून सुरुवात केली.